देहाची हद्द

इ.स. १६६६ च्या मे महिन्याच्या १२ तारखेस आग्र्याच्या दरबारात शिवाजी महाराजांना पंचहजारी मनसबदारांच्या रांगेत नेऊन उभे करण्यात आले, आणि त्यानंतर जे घडले, म्हणजे महाराजांचा तो संताप, दरबाराकडे पाठ फिरवून त्यांचे बाजूस होणे आणि मग पहाऱ्यातले ते दिवस, हे सारे महाराष्ट्रातील शाळकरी पोरासही तोंडपाठ आहे. या प्रसंगाच्या एका अंगाकडे मात्र आपले लक्ष सहसा जात नाही. महाराजांना त्या दिवशी कोणी अपशब्द उच्चारला नव्हता, त्यांचा नजराणा कोणी परत केला नव्हता. तख्तापासून किती अंतरावर आणि कोणाच्या पाठीमागे उभे राहावयाचे, एवढ्या एकाच तजविजीत सारा अवमान भरलेला होता, आणि तो करणाऱ्यास जितका स्पष्ट होता तितकाच सोसणाऱ्यासही होता. दोन देहांमधील मोकळ्या जागेत मान, अधिकार, विश्वास, भय असे पुष्कळ काही साठलेले असते, हे कळण्यासाठी आपणांस कोणा परदेशी पंडिताची गरज नव्हती.

तरीही अनोळखी माणसाने हातभर दूर उभे राहावे, बोलता बोलता दुसऱ्याच्या मांडीवर थाप मारू नये, रांगेत पुढच्याच्या मानेवर श्वास सोडू नये, अशी साधी अपेक्षा कोणी बोलून दाखविली, की ‘ही साहेबी थेरे आपल्याकडे कशाला?’ असा शेरा मारून प्रकरण दप्तरदाखल केले जाते. आपण जिव्हाळ्याची माणसे, आपल्यात आपपरभाव नाही, आपली वस्ती दाट आणि मने मोकळी, असा एक गोड समज आपण स्वतःविषयी करून घेतला आहे. प्रस्तुत लेखकास हा समज सोयीस्कर वाटतो. माणसामाणसांतील अंतर आपल्याइतके बारकाईने क्वचितच कोणत्या समाजाने मोजले असेल. फक्त ते मोजण्याचा गज सदैव वरच्याच्या हाती राहिला. जातीने, हुद्द्याने, वयाने किंवा पुरुष म्हणून जन्मल्याने जो वर, त्याने खालच्याच्या किती जवळ यावे आणि खालच्याने त्याच्यापासून किती लांब राहावे, हे तोच ठरवीत आला. ज्याचा देह त्याला त्या देहाभोवतीची हद्द आखण्याचा हक्क आपण कधी रीतसर दिलाच नाही.

या विषयास शास्त्राचे रूप देण्याचे श्रेय एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाकडे जाते. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द हिडन डायमेन्शन’ या ग्रंथात त्याने चार कक्षा कल्पिल्या: सुमारे दीड फुटापर्यंतची अगदी निकटच्यांसाठी, तेथून ४ फुटांपर्यंतची स्नेह्यासोबत्यांसाठी, ४ ते १२ फुटांची कामकाजाच्या व्यवहारासाठी आणि त्यापलीकडची सभेतल्या वक्त्यासाठी. परका प्राणी किती जवळ आला म्हणजे जनावरे पळ काढतात, याचा अभ्यास हायनी हेडिगर या स्विस प्राणिशास्त्रज्ञाने आधीच करून ठेवला होता. त्याचाही हॉलने उपयोग केला. आजकाल व्यवस्थापनाच्या शिबिरांतून ही चार मापे वेदवाक्यासारखी घोकून घेतली जातात. पण ती अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील मध्यमवर्गीय प्रौढांच्या निरीक्षणावरून काढलेली आहेत, साऱ्या मानवजातीस लावण्याची नव्हेत, हे खुद्द हॉलनेच बजावून ठेवले आहे. तेव्हा दीड फूट की दोन फूट, या वादात आपण शिरण्याचे कारण नाही. माप देशोदेशी बदलेल. ते ठरविण्याची मुखत्यारी कोणाची, हा प्रश्न सगळीकडे एकच राहतो.

आपल्याकडे हे माप घरांच्या रचनेतच उतरले होते. कोकणातील जुने घर पाहा. खळे, पडवी, ओटी, माजघर, आणि त्याच्याही पलीकडे स्वयंपाकघर व देवघर, असे ते एकेका उंबरठ्याने आत जाते, आणि कोणी कोणत्या उंबरठ्याशी थांबावयाचे याचा शिरस्ता ठरलेला. कूळ खळ्यात उभे राहील, कचेरीतून आलेला कारकून ओटीवर टेकेल, सोयराधायरा माजघरापर्यंत जाईल, आणि सोवळ्यातले घरचे माणूस तेवढे चुलीपाशी पोहोचेल. देशावरच्या वाड्यात नावे बदलतात, सोपा येतो, चौक येतो, पण व्यवस्था तीच. हॉलच्या चार कक्षा ज्याला डोळ्यांनी पाहावयाच्या असतील त्याने असे एखादे पडके घर पाहावे. तेथे त्या मातीच्या भिंतींत उभ्या आहेत. या रचनेचा एक परिणाम असा झाला, की अंतर राखण्याचे काम भिंतींनीच उरकल्यामुळे ते देहाने शिकण्याची निकड पडली नाही. एकदा का त्या त्या दालनात प्रवेश मिळाला, की मग मांडीला मांडी लावून बसण्यास कोणताही प्रत्यवाय नसे. दुसरा परिणाम अधिक खोल आहे. या हद्दी समूहासमूहांच्या होत्या, एकट्या माणसाच्या नव्हत्या. माजघरातल्या साऱ्या बायका मिळून ओटीवरच्या परपुरुषापासून सुरक्षित होत्या. पण त्या माजघराच्या आत धाकट्या सुनेला स्वतःचा म्हणावा असा एक कोपराही नव्हता.

कायद्याची दृष्टीही बरीचशी अशीच होती. १८८२ च्या इझमेंटच्या कायद्यात कलम १८ खाली एक उदाहरण दिलेले आहे: एखाद्या गावच्या रूढीप्रमाणे शेजाऱ्याच्या खाजगीपणास मोठा बाध येईल अशी नवी खिडकी घरमालकाला काढता येत नाही, ही रूढी कायद्याने मानण्यासारखी आहे. खिडकीतून डोकावणाऱ्या शेजाऱ्यापासून घर राखण्याची तरतूद तेव्हापासून आहे. घरातल्याच एका माणसापासून घरातल्याच बाईला राखले पाहिजे, हे कायद्याच्या पुस्तकात स्वतंत्रपणे लिहिले जाण्यास २००५ साल उजाडावे लागले.

मग माणसे मुंबईस आली, आणि ते खळे, ती ओटी, ते माजघर सगळे एका खोलीत येऊन पडले. १९२० च्या दशकात सरकारी विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे बांधलेल्या बी. डी. डी. चाळींतील खोली १६० चौरस फुटांची. तीत नवराबायको, मुले, सासूसासरे आणि शिवाय नोकरीसाठी गावाहून आलेला दीर, असा संसार पिढ्यानुपिढ्या झाला. चाळीविषयी आपल्याकडे फार प्रेमाने लिहिले गेले आहे आणि ते प्रेम खोटे नाही. पण त्या लेखनातला आवाज बहुधा पुरुषाचा आहे, ज्याला रात्री गॅलरीत पथारी टाकण्याची आणि दिवसा नाक्यावर जाऊन उभे राहण्याची मुभा होती. मोरीला बांधलेल्या लुगड्याच्या आडोशाने कपडे बदलणाऱ्या, आजारपणातही भिंतीकडे तोंड करून निजणाऱ्या, आणि नवऱ्याशी दोन शब्द बोलावयाचे तर सगळ्यांचे डोळे मिटण्याची वाट पाहणाऱ्या बाईने चाळीची हकीगत कशी सांगितली असती, हा विचार त्या वर्णनांत क्वचितच डोकावतो. तथापि एवढे मान्य केले पाहिजे, की भिंती गेल्यावर त्या माणसांनी नजरेची शिस्त उभी केली. शेजारच्या उघड्या दारावरून जाताना आत न पाहणे, आत शिरण्यापूर्वी खाकरणे, खोलीत नवे जोडपे असेल तर थोरल्यांनी रात्रीच्या जेवणानंतर शेजारी जाऊन मुद्दाम गप्पा लांबविणे, हे नियम कोणी कागदावर उतरविले नव्हते, पण ते मोडणाऱ्याचा बोभाटा मजलाभर झाल्यावाचून राहत नसे. दाट वस्तीमुळे आम्हांला अंतराची जाण उरली नाही, असे म्हणणारांनी ज्या लोकांना खरोखरच जागा नव्हती त्यांचे हे वर्तन ध्यानात घ्यावे.

येथपर्यंत आल्यावर एका प्रश्नाचे उत्तर दिल्याखेरीज पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ‘लांब राहा’ हे दोन शब्द या भूमीत शतकानुशतके कोणी कोणाला ऐकविले आहेत? पेशवाईतील पुण्यात अस्पृश्याला कमरेला झाडू बांधून स्वतःच्याच पाऊलखुणा पुसत चालावे लागे, आणि थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मडके अडकवावे लागे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये नमूद केले आहे, आणि त्यांच्या स्वतःच्या बालपणी शाळेत बसण्यासाठी घरून गोणपाट न्यावे लागे, व शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे, हेही त्यांनीच लिहून ठेवले आहे. येथे अंतर मोजले गेले ते माणसाला नाकारण्यासाठी. म्हणूनच आपल्या समाजसुधारणेच्या इतिहासात स्पर्श हा मुक्तीचा विषय झाला. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले तेव्हा तंटा तहानेचा नव्हता, पाण्याला हात लावण्याच्या हक्काचा होता. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार अस्पृश्यांस उघडावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात उपोषण केले. ज्या दैवताच्या पायांवर डोके टेकविण्यासाठी वारकरी शेकडो कोस चालतो, त्याच्या चरणांपाशी काही वारकऱ्यांना मज्जाव होता. आणि तोही अशा संप्रदायात, की जेथे वारीत भेटलेले दोन अनोळखी वारकरी वय वा प्रतिष्ठा न पाहता परस्परांच्या पाया पडतात आणि उराउरी भेटतात. पुढे राज्यघटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता रद्द ठरविली आणि १९५५ साली तिच्यासाठी शिक्षेचा कायदा झाला.

अशा प्रदेशात कोणी ‘माझ्यापासून थोडे दूर राहा’ म्हणू लागला, तर ऐकणाऱ्याचे कान टवकारले जाणे योग्यच आहे, आणि ते टवकारलेले राहावेत. कारण जुनी वृत्ती नवे वस्त्र नेसून येते. उंच इमारतीत मोलकरणीने आणि कचरा नेणाऱ्याने निराळ्या लिफ्टने जावे असा फलक लावणारी गृहनिर्माण संस्था, किंवा भाजीवालीच्या तळहाताला बोट लागू नये म्हणून वरून नाणी टाकणारी बाई, विचारले असता ‘स्वच्छता’ आणि ‘खाजगीपणा’ हेच शब्द पुढे करील. मग या दोन अंतरांतला भेद ओळखावा कसा? माझ्या मते त्याची कसोटी सोपी आहे: जो दुसऱ्यास दूर राहावयास सांगतो, त्याला तो दुसराही तितक्याच हक्काने दूर राहावयास सांगू शकतो काय? मालकिणीने मोलकरणीला दूर उभे करावे आणि मालकाने मात्र तिच्या अंगाशी यावे, तर ते अंतर आणि ती जवळीक ही दोन्ही एकाच सत्तेची रूपे आहेत. ज्या ठिकाणी हद्द दोन्ही बाजूंनी सारखी पाळली जाते, तेथे विटाळाचा संबंध उरत नाही.

आता लोकल गाडीकडे वळू. तिच्यावाचून महाराष्ट्रात या विषयावर बोलणे अशक्य आहे. रेल्वेच्या परिभाषेत ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असा एक शब्दप्रयोग आहे: डब्यातील एका चौरस मीटर जागेत १४ ते १६ उभे प्रवासी, असा त्याचा अर्थ. सोळा धरले तर प्रत्येकाच्या वाट्यास २५ सेंटिमीटर लांब आणि तितकीच रुंद जागा येते, म्हणजे एक फुटी फरशीच्या तुकड्याहूनही कमी. हॉलच्या हिशेबाने ही जागा पतिपत्नींनी किंवा मायलेकरांनी वापरावयाची. येथे ती डोंबिवलीचा कारकून आणि कळव्याचा फिटर रोज सकाळी तासभर वापरतात आणि तरीही परस्परांना परकेच राहतात. हे साधते कसे? डब्यात पाऊल टाकताच पाठीवरची पिशवी पोटाशी घ्यावयाची किंवा फळीवर टाकावयाची. पुढच्याला ‘उतरणार का?’ असे विचारून स्टेशनाच्या क्रमाने दाराकडे सरकावयाचे. बसलेल्याला ‘कुठे उतरणार?’ असे विचारून त्याची जागा आगाऊ राखावयाची, आणि ती राखीव जागा बाकीच्यांनी बिनतक्रार मानावयाची. तिघांच्या बाकावर ‘चौथी सीट’ देताना कुरकूर करावयाची, पण सरकावयाचे. डोळे मात्र कोणाच्या डोळ्यांना भिडवावयाचे नाहीत. ते मोबाइलवर, पंख्यावर वा खिडकीबाहेरच्या झोपड्यांवर ठेवावयाचे. (शेजाऱ्याच्या हातातील वर्तमानपत्राचे मधले पान मागून घेणे हा मात्र अतिक्रमणाचा एकच प्रकार सर्वमान्य होता, मोबाइलने तोही बंद पाडला, याचे वर्तमानपत्रात लिहिणाऱ्यास दुःख होणे स्वाभाविक आहे.) देह इतके जवळ आणले गेले, की माणसांनी तोंडे काढून घेतली. ही गर्दी म्हणजे आपल्या सामाजिक जिव्हाळ्याचा पुरावा असल्याचे जे सांगतात, त्यांनी बहुधा ११ नंतरच्या गाडीने प्रवास केलेला असावा.

या गर्दीत आणखी एक गोष्ट लख्ख दिसते. रेटा कोणता आणि हात कोणता, हे ज्याच्या अंगाला लागते त्याला तत्क्षणी कळते. त्याविषयी कधीही संदिग्धता नसते. संदिग्धतेचा आसरा फक्त लावणारा घेतो, आणि ‘गर्दी आहे, बाई, टॅक्सीने जा’ हे वाक्य त्याच्या ओठांवर तयार असते. याचसाठी बायकांचे डबे वेगळे करावे लागले, आणि ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी अख्खी गाडीच महिलांसाठी सुरू करावी लागली. परंतु गर्दीची सबब किती पोकळ आहे, हे पाहण्यासाठी दुपारच्या वेळी निम्म्याहून अधिक रिकामी असलेली एस. टी. पाहावी. पुष्कळ आसने मोकळी असतात, आणि चढलेला गृहस्थ एकट्या बसलेल्या मुलीच्या शेजारचेच आसन निवडतो, पाय फाकून बसतो, आणि तिने पर्स मध्ये ठेवली तर तिच्याचकडे रोखून पाहतो. येथे जागेचा तुटवडा कोठे आहे? मुलगी उठून दुसरीकडे जाते; बाकीचे प्रवासी तिच्या उठण्याकडे पाहतात, त्याच्या बसण्याकडे नाही.

याउलट जेथे खरोखरच चौरस फुटांचा प्रश्न आहे, तेथे तो शिष्टाचाराच्या खात्यावर मांडू नये. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर पावसात अडकलेल्या गर्दीत २३ माणसे चेंगरून गेली. ती काही धक्काबुक्कीच्या हौसेने मेली नाहीत. गिरण्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले, माणसांची ये-जा कित्येक पटींनी वाढली, आणि जिना व पूल होते तेवढेच राहिले. लोकांनी रांगेची शिस्त शिकावी असा उपदेश अशा वेळी करणे हे अधिकाऱ्यांस सोयीचे असते, कारण उपदेशास अंदाजपत्रकात तरतूद लागत नाही.

आता थोडे स्पर्शाविषयी. गप्पा रंगात आल्या की विनोद सांगणारा ‘दे टाळी’ म्हणून हात पुढे करतो, ही आपली रीत मला व्यक्तिशः फार आवडते. हात पुढे करून तो थांबतो, देणारा देतो, न देणारा हसून नाकारतो, आणि कोणाचे काही बिघडत नाही. संक्रांतीचा तिळगूळ आणि दसऱ्याचे सोने देताना होणाऱ्या गळाभेटीतही दोघे सारखेच पुढे येतात. अशा स्पर्शाविरुद्ध माझी काडीइतकीही तक्रार नाही. तक्रार आहे ती एका दिशेने वाहणाऱ्या स्पर्शाविषयी. साहेब कारकुनाच्या खांद्यावर हात टाकतो, आणि त्या दिवशी कारकून घरी जाऊन कौतुकाने सांगतो. तोच हात कारकुनाने साहेबाच्या खांद्यावर टाकला तर त्याच्या गोपनीय अहवालात त्याची नोंद झाल्यावाचून राहणार नाही. पुढारी कार्यकर्त्याच्या गालावर चापट मारतो आणि भोवतालचे हसतात. शिक्षक पोराचा कान धरतो, सासू सुनेच्या अंगावरचे दागिने हाताने चाचपून पाहते, आणि अनोळखी बाया गर्भवतीच्या पोटाला हात लावून मुलगा की मुलगी याचे भाकीत करतात. या साऱ्यांत हात कोणाचा आणि अंग कोणाचे, हे नुसते पाहिले तरी त्या त्या ठिकाणची उतरंड न विचारता कळून येते.

मुले या उतरंडीच्या अगदी तळाशी. ‘काकांना पापा दे’, ‘मावशीच्या मांडीवर बस’, असा हुकूम सुटतो, पोर आईच्या पदराआड शिरते, आणि मग त्याला ‘लाजाळू’, ‘आगाऊ’, ‘शिष्ट’ अशी विशेषणे मिळतात. शाळेत त्याच मुलाला चांगला स्पर्श आणि वाईट स्पर्श यांचे धडे चित्रांसह शिकविले जातात. घरी आल्यावर पाहुण्यांपुढे त्याच्या नकाराला किंमत नसते. ज्याला काकाच्या दाढीला नको म्हणण्याची परवानगी नाही, त्याने पुढे कोणा दुष्टाला ओरडून नको म्हणावे, ही अपेक्षा कशाच्या बळावर करावयाची? स्पर्शाचे हे मोजमाप न्यायालयांनाही सहज साधलेले नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याखाली त्वचेला त्वचा लागली नसेल तर तो लैंगिक हल्ला ठरत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये दिला होता. तो सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी १८ नोव्हेंबर रोजी रद्द केला, आणि करणाऱ्याचा हेतू पाहावयाचा, मधल्या कापडाची जाडी नव्हे, असे स्पष्ट केले. त्या निर्णयास स्थगिती मिळेपर्यंतचे काही दिवस कायद्याच्या दृष्टीने एका बालिकेच्या देहाची हद्द तिच्या कपड्यांच्या आत सरकली होती, ही गोष्ट आपण फार लवकर विसरलो.

विसरण्याचा दुसरा दाखला करोनाचा. २०२० च्या मार्चअखेर किराणा दुकानांपुढे खडूचे आणि चुन्याचे गोल उमटले, नंतर ‘दो गज दूरी’ची घोषणा फोनच्या घंटीपर्यंत पोहोचली, आणि भाजीसाठी उभे राहिलेले आपण सारे आपापल्या गोलात गुमान उभे राहिलो. पाठीमागून कोणी कोपराने ढोसत नव्हते, पुढच्याच्या खांद्यावरून कोणी दुकानदाराकडे हात लांबवीत नव्हते. तेव्हा धारावीसारख्या वस्तीत दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्यांना हे अंतर म्हणजे क्रूर थट्टा होती, हेही खरेच. दोन गज जागा राखण्यासाठी आधी ती असावी लागते. पण जेथे ती होती तेथे आपण ती राखू शकलो. पुढे रोगाचे भय ओसरले आणि गोल पुसले गेले. रंगाची पट्टी मारून ते कायम करावेत असे एकाही नगरपालिकेच्या मनात आले नाही, कारण ते रोगासाठी आखलेले होते. रांगेतल्या माणसाची ती मुळातच हक्काची जागा आहे, असे कोणी मानलेच नव्हते. आज बँकेच्या खिडकीशी, औषधाच्या दुकानात, ए. टी. एम.च्या काचेच्या खोलीत पुन्हा तीच दाटी आहे, आणि म्हातारीचा गुप्त क्रमांक तिच्या मागचे चारजण तिच्याबरोबरच वाचीत असतात.

सर्वांत मोठी हानी जेथे होते ती जागा म्हणजे सरकारी दवाखान्यातील बाह्यरुग्ण विभाग. टेबलापलीकडे तरुण डॉक्टर, अलीकडे एक स्टूल, आणि स्टुलाभोवती हातांत केसपेपर घेतलेली सहा-सात माणसे. स्टुलावरच्या बाईला अंगावरून पांढरे जाते आहे, किंवा नवरा मारतो त्याचा वळ दाखवावयाचा आहे, किंवा क्षयाचे औषध मधेच सोडल्याचे कबूल करावयाचे आहे. आणि तिच्या कानाशी कोणाचा तरी सासरा उभा आहे. ती ‘अशक्तपणा वाटतो’ एवढेच सांगते. डॉक्टर अशक्तपणाच्या गोळ्या लिहितो. यात त्याचा दोष धरवत नाही, कारण दुपारपर्यंत त्याला दीडदोनशे चिठ्ठ्या उरकावयाच्या असतात. पण न सांगितलेला आजार घेऊन ती बाई गावी परत जाते, हे नुकसान कोणत्याच नोंदवहीत चढत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला, आणि त्यावर आपण आधार कार्डाच्या व टेलिफोनच्या संदर्भात पुष्कळ चर्चा केली. त्या स्टुलाचा संदर्भ कोणी काढला नाही.

लोकलच्या डब्यात माणसाला फरशीएवढी तरी जागा मिळवून द्यावयाची तर नवे मार्ग, नव्या गाड्या, रुंद पूल आणि कित्येक वर्षे लागतील, आणि त्यासाठी सरकारच्या मागे लागलेच पाहिजे. दवाखान्याच्या त्या खोलीत मात्र टेबलाच्या एका अंगास पडदा लावणे, एका वेळी एकच केसपेपर आत घेणे आणि बाकीच्यांस बाहेरच्या बाकड्यावर बसविणे, यासाठी ना निविदा काढावी लागते ना मंत्रालयाच्या हुकुमाची वाट पाहावी लागते. वैद्यकीय अधिकाऱ्याने उद्या सकाळी तोंडी सांगितले तरी पुरे आहे. दारात एक शिपाई उभा करावा लागेल. पहिले पंधरा दिवस लोक त्याच्याशी हुज्जत घालतील, ‘फक्त एक विचारायचे आहे’ म्हणून आत घुसू पाहतील, गावच्या सरपंचाचे नाव सांगतील. ती हुज्जत त्यांना घालू द्यावी, आणि सरपंच स्वतः आले तर त्यांनाही बाकड्यावर बसवावे.